घरचा मामला आणि एक अर्ज

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात मानवी हक्क दिनावर एका वाचकाचं पत्र आलं होतं. त्यांचं म्हणणं असं की हे मानवी हक्क वगैरे म्हणजे दुसरं महायुद्ध जिंकलेल्या गोऱ्या देशांनी काढलेलं प्रकरण, ज्यांनी आपल्याला दीडशे वर्षं गुलाम ठेवलं त्यांनीच आपल्याला हक्क शिकवायचे, आणि आपल्या शाळांनी 10 डिसेंबरला पोरांना उभं करून भाषणं करायला लावायची, हे काही बरोबर नाही. ते पत्र मी तीनदा वाचलं. अर्धं खरं आहे म्हणून जास्त लागलं. दुकान बंद करून घरी आल्यावर दोन रात्री हे टाइप करत बसलेय, लांबलंय, जागा नसेल तर कापा पण सुरतेच्या बाईंचा भाग तेवढा राहू द्या.

मी नंदुरबारला कचेरीसमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान चालवते. एकोणीस वर्षं झाली. अर्ज, प्रतिज्ञापत्र, रेशनकार्डात नाव चढवा, नाव कमी करा, माहितीचा अधिकार, वनदाव्याची फाइल, नवरा मारतो म्हणून तक्रार, सगळं माझ्याकडे टाइप होतं. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, कुठून कुठून माणसं सकाळच्या एस.टी.ने येतात आणि शेवटच्या गाडीने परत जातात, त्यामुळे दुपारी दोन ते चार माझ्याकडे उभं राहायला जागा नसते. अर्ज कसा लिहायचा यापेक्षा मी लोकांना एकच गोष्ट जास्त वेळा सांगते, की पोच घ्या. दुसऱ्या कॉपीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

या पावसाळ्यात एक बाई आली. लॅमिनेशन केलेला वनपट्टा, म्हणजे जंगलजमिनीच्या हक्काचा सरकारी कागद, पिशवीतून काढून काउंटरवर ठेवला आणि बाजारातल्या अहिराणीत म्हणाली, "मनं नाव कोठे शे?" म्हणजे माझं नाव कुठे आहे. तिला वाचता येत नाही. पण पट्टा आला तेव्हा गावात कोणीतरी सांगितलं होतं की नवरा-बायको दोघांचं नाव असतं, ते तिच्या लक्षात होतं. मी बघितलं. नवऱ्याचं नाव व्यवस्थित, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा सगळं व्यवस्थित, आणि पत्नीच्या नावाच्या जागी आडवी रेघ. नवरा दोन वर्षांपूर्वी बारडोलीकडे ऊसतोडीला गेला होता तिकडेच वारला, आता दीर म्हणतात जमीन आमची. वन हक्क कायदा 2006 चा आहे, त्याच्या कलम 4 च्या उपकलम 4 मध्ये स्पष्ट आहे की लग्न झालेलं असेल तर हक्क दोघांच्या नावावर एकत्र नोंदवायचा. मी तेच कलम टाकून अर्ज करून दिला. अर्ध्या तासात बाई परत आली, अर्ज हातात तसाच. ज्या टेबलावर गेली तिथल्या साहेबांनी सांगितलं, हा तुमचा घरचा मामला आहे, दिरांना घेऊन या, आपसात मिटवा.

ऑफिसचं नाव मी लिहीत नाही, तिथे चांगली माणसंही आहेत. पण "घरचा मामला" हे दोन शब्द मी एकोणीस वर्षांत इतक्या वेळा ऐकलेत, विशेषतः मार खाऊन आलेल्या बायांच्या तोंडून, की पत्र लिहिणाऱ्या भाऊंना उत्तर द्यायचं तर मला तिथूनच सुरुवात करावी लागेल. कारण दुसऱ्या महायुद्धाच्या आधी सगळ्या जगाचा कायदा याच दोन शब्दांवर चालायचा. एका देशाने दुसऱ्या देशाच्या माणसाला त्रास दिला तर बोलायची सोय होती, पण सरकारने स्वतःच्याच माणसांना लुटलं, हाकललं, मारलं तर तो त्या सरकारचा घरचा मामला.

राफाएल लेम्किन म्हणून पोलंडकडचे एक ज्यू वकील होते. त्यांनी स्वतःच्या आठवणीत लिहून ठेवलंय, 1921 साली ते शिकत होते तेव्हा बर्लिनमध्ये एका अर्मेनियन तरुणाने तुर्कस्तानच्या जुन्या मंत्र्याला, तलात पाशाला, गोळी घातली, कारण त्याच्या हुकमावरून लाखो अर्मेनियन मारले गेले होते. लेम्किननी आपल्या प्रोफेसरांना विचारलं की त्या तलातला कोर्टात का नाही उभं केलं? प्रोफेसर म्हणाले, एका शेतकऱ्याच्या कोंबड्या आहेत, त्याने त्या मारल्या तर तो त्याचा प्रश्न, तुम्ही मध्ये पडलात तर तुम्हीच दुसऱ्याच्या हद्दीत घुसलात असं होईल. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही लागली. शिकलेल्या माणसाने माणसांना कोंबड्या म्हणावं आणि तो तेव्हाचा कायदा असावा. पुढे याच लेम्किनच्या घरातली 49 माणसं नाझींनी मारली आणि 1944 साली त्यांनी या गुन्ह्याला इंग्रजीत नवा शब्द बनवून दिला, जेनोसाइड, आपण त्याला वंशसंहार म्हणतो. त्याच्या आधी या गुन्ह्याला नावच नव्हतं.

आता माझ्या कामाशी जवळची गोष्ट सांगते. 1933 साली जर्मनीत हिटलर आला आणि ज्यू लोकांना नोकऱ्यांतून काढायला सुरुवात झाली. अप्पर सायलेशिया नावाच्या भागात फ्रांझ बर्नहाइम नावाचा साधा माणूस एका मोठ्या दुकानात कामाला होता, त्यालाही ज्यू म्हणून काढलं. पण पहिल्या महायुद्धानंतर 1922 साली जर्मनी आणि पोलंड यांच्यात त्या भागापुरता एक करार झालेला होता, त्यात अल्पसंख्याकांना संरक्षण होतं आणि त्यांना थेट जिनिव्हाला राष्ट्रसंघाकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेकडे, अर्ज करायची सोय होती. बर्नहाइमने मे 1933 मध्ये अर्ज केला. एका कामावरून काढलेल्या माणसाने. राष्ट्रसंघाने तो ऐकला आणि जर्मनीला तेव्हा माघार घ्यावी लागली, त्या भागात ज्यूंच्या विरोधातले कायदे स्थगित झाले आणि करार संपेपर्यंत म्हणजे जुलै 1937 पर्यंत ते तसंच राहिलं. बाकी सगळ्या जर्मनीत ज्यू लोकांवर कायद्यामागून कायदे येत होते तेव्हा या एका तुकड्यात निदान कागदावर चार वर्षं संरक्षण होतं, कारण तिथे अर्ज करायला खिडकी होती आणि बाकी ठिकाणी नव्हती. करार संपला, खिडकी बंद झाली. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, साठ लाख ज्यू.

मी जेव्हा जेव्हा कोणाला म्हणताना ऐकते की अर्ज करून काय होतंय, तेव्हा मला बर्नहाइम आठवतो.

युद्ध संपल्यावर न्यूरेंबर्गला खटला चालला, 20 नोव्हेंबर 1945 ते 1 ऑक्टोबर 1946. आरोपपत्रात 24 जण होते, निकाल 22 जणांचा लागला, 12 जणांना फाशीची शिक्षा, तिघं सुटले. या खटल्यासाठी जी सनद लंडनला 8 ऑगस्ट 1945 ला झाली तिच्यात "मानवतेविरुद्धचे गुन्हे" हा नवा प्रकार घातला आणि त्याच्यात पहिल्यांदा असं आलं की तुमच्या देशाच्या कायद्यात बसत होतं की नव्हतं याच्याशी घेणंदेणं नाही, गुन्हा तो गुन्हा. घरचा मामला म्हणून सुटता येणार नाही. मला त्यात सगळ्यात जास्त भिडलं ते हे की अमेरिकेचे सरकारी वकील जॅक्सन यांनी साक्षीदारांपेक्षा कागदांवर भर दिला. नाझींचे स्वतःचे हुकूम, याद्या, रिपोर्ट. कोणीतरी कुठेतरी टेबलावर बसून ते नीट टाइप केले होते, नंबर घातले होते, शिक्के मारले होते, त्या सगळ्याला तेव्हा ऑफिसचं काम म्हणत असतील. मी पण टायपिस्ट आहे. माझ्या हाताखालून काय जातं ते मी तेव्हापासून वाचूनच टाइप करते.

आता भाऊंचं जे बरोबर आहे ते. जिंकलेल्यांनी हरलेल्यांचा न्याय केला हे खरं. आणि गोऱ्यांचं बोलणं एक आणि करणं एक होतं हे तर आमच्या नंदुरबारएवढं कोणाला माहिती असणार. ऑगस्ट 1941 मध्ये चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी अटलांटिक सनद काढली, तिच्यात सगळ्या लोकांना आपलं सरकार निवडायचा हक्क असं लिहिलं. आपल्याकडे लोकांना आशा वाटली. 9 सप्टेंबर 1941 ला चर्चिलनी त्यांच्या पार्लमेंटात उठून सांगितलं की ते आम्ही मुख्यतः नाझींच्या ताब्यातल्या युरोपातल्या देशांबद्दल बोललो, ब्रिटिश राज्याखालच्या लोकांचा विषय वेगळा. मग 1 जानेवारी 1942 ला मित्रराष्ट्रांचं जाहीरनाम्यासारखं एक पत्रक निघालं, आपल्या देशात आणि इतर देशांत मानवी हक्क आणि न्याय जपण्यासाठी आम्ही लढतोय असं त्यात होतं, 26 देशांच्या सह्या, त्यात इंग्रजांच्या हाताखालच्या हिंदुस्थानची पण सही. आणि त्याच वर्षी 9 सप्टेंबरला, चर्चिलच्या भाषणाला बरोब्बर एक वर्ष झालं त्या दिवशी, आमच्या गावात तिरंगा घेऊन निघालेल्या शाळकरी पोरांवर इंग्रजांच्या पोलिसांनी गोळ्या घातल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. माझ्या दुकानात येणारा प्रत्येक माणूस हुतात्मा स्मारक ओळखतो, कोणाला रस्ता सांगायचा तर आम्ही तिथूनच सांगतो. त्यामुळे हक्काची भाषा करणारे हात किती स्वच्छ होते हे आम्हाला कोणी सांगायला नको.

पण भाऊ, गोष्ट तिथे संपत नाही. मोठ्या देशांना हे हक्कांचं प्रकरण खरं तर नकोच होतं. 1944 साली डंबार्टन ओक्सला त्यांनी नव्या संघटनेचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा, जो आराखडा केला त्यात मानवी हक्कांचा उल्लेख नावापुरता होता. 1945 साली सॅन फ्रान्सिस्कोला छोट्या देशांनी आणि बाहेरून आलेल्या संघटनांनी जोर लावला म्हणून ते सनदेत नीट आलं. त्यातही कलम 2 मध्ये 7 नंबरला वाक्य घालून ठेवलं की देशाच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रं ढवळाढवळ करणार नाही. म्हणजे पुढच्या दाराने हक्क आले आणि मागच्या दाराने घरचा मामला पण आत आला.

या मागच्या दारावर पहिला मोठा धक्का कोणी मारला? आपण. 1946 साली, अजून स्वातंत्र्य मिळालं नव्हतं तेव्हा. दक्षिण आफ्रिकेने तिथल्या हिंदी लोकांना जमीन कुठे घ्यायची, राहायचं कुठे यावर बंधनं घालणारा कायदा केला आणि भारताने संयुक्त राष्ट्रांत तक्रार नेली. आपल्याकडून विजयालक्ष्मी पंडित उभ्या होत्या आणि समोर होते दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स, ज्यांनी वर्षापूर्वी संयुक्त राष्ट्रांच्या सनदेची प्रस्तावना लिहायला मदत केली होती, मानवी हक्क हे शब्द असलेली प्रस्तावना. आणि तेच स्मट्स आता सांगत होते की हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. 8 डिसेंबर 1946 ला मतदान झालं, भारताच्या बाजूने 32, विरोधात 15, दोन तृतीयांश मतं मिळाली. ब्रिटन आणि अमेरिका आपल्या विरोधात होते तरी. घरचा मामला म्हणून सुटायचं नाही हे एका गुलाम देशाने एका गोऱ्या सरकारला भर सभेत ऐकवलं. शाळेत पोरांना भाषण करायला लावायचं तर हे सांगायला लावा ना.

आता सुरतेच्या बाई. हंसा मेहता. जन्म सुरतेचा, 1897 चा. आपल्याकडून तापी जाते ती प्रकाशाहून, उकाईहून सुरतेलाच जाते, आणि आपली निम्मी माणसं पोट भरायला सुरतेला, उधन्याला आहेत, भुसावळकडून येणारी गाडी नंदुरबारला थांबली की जनरल डब्यात चढायला काय हाल होतात ते सगळ्यांना माहितीये. सुरत आपल्याला परकी नाही. तर या हंसाबेन चळवळीत तुरुंगात गेलेल्या, घटना समितीत मूलभूत हक्कांच्या उपसमितीत बाबासाहेबांसोबत आणि राजकुमारी अमृत कौर यांच्यासोबत बसलेल्या, आणि 14 ऑगस्ट 1947 च्या रात्री देशातल्या बायांच्या वतीने राष्ट्रध्वज घटना समितीला दिला तो यांनीच. 1947-48 मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. अठरा जणांचा आयोग, त्यात बाया दोनच, अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट आणि आपल्या हंसा मेहता.

हा आयोग मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा लिहीत होता, त्याच्या पहिल्या कलमाचा मसुदा इंग्रजीत सुरू होत होता "ऑल मेन" असा. सगळे पुरुष म्हणा नाहीतर सगळी माणसं म्हणा, जन्मतः स्वतंत्र आणि समान. हंसाबेननी हरकत घेतली, की याचा अर्थ काही देशांत फक्त पुरुष असाच लावतील. एलिनॉरबाईंचं म्हणणं होतं की इंग्रजीत मेन म्हटलं की त्यात बाया धरलेल्याच असतात. इंग्रजीत असतील. पण आपल्या भाषेत बघा, लग्नाच्या पंगतीत काय ओरडतात, "आधी माणसं बसतील, मग बाया." खेड्यातली बाई नवऱ्याला काय म्हणते, "मना माणूस." म्हणजे माणूस शब्दात आपण आहोत की नाही ते कोण वाढतंय त्याच्यावर आहे. हंसाबेन या मातीतून गेल्या होत्या म्हणून त्यांना ते दिसलं. शेवटी "ऑल ह्यूमन बीइंग्ज" झालं, म्हणजे सगळे मानव. त्यात दुसऱ्या बायांचा पण हात होता, लॅटिन अमेरिकेतल्या होत्या, पुढे सर्वसाधारण सभेच्या समितीत आपल्या लक्ष्मी मेनन होत्या, पण आयोगात हा शब्द लावून धरला तो सुरतेच्या लेकीने. एका शब्दाने काय होतं असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या दुकानात येऊन ती आडवी रेघ बघावी.

आणि शब्दापेक्षाही मोठं काम त्यांनी केलं ते कोणी सांगत नाही. डिसेंबर 1947 मध्ये जिनिव्हाला आयोगाने तीन गट पाडले, एक जाहीरनाम्याचा, एक कराराचा, आणि एक अंमलबजावणीचा. तिसऱ्या गटाच्या अध्यक्ष हंसा मेहता होत्या. त्यांच्या गटाने म्हटलं की अर्ज करायचा हक्क सरकारांपुरता ठेवू नका, साध्या माणसाला आणि संघटनेला पण द्या. म्हणजे बर्नहाइमची खिडकी परत उघडा, आणि यावेळी सगळ्यांसाठी.

ते झालं नाही. तेव्हा नाही झालं. कारण त्याच्या काही महिने आधीच ठरवून टाकलं होतं की मानवी हक्कांच्या कोणत्याही तक्रारीवर कारवाई करायचा आयोगाला अधिकार नाही. जगभरातून पत्रं येत होती, त्यांची गुप्त यादी करायची आणि पाठवणाऱ्याला कळवायचं की आम्हाला अधिकार नाही. पोच होती, पण कारवाई नव्हती. ऑक्टोबर 1947 मध्ये अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या वतीने डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी मोठं निवेदन दिलं, आमच्यावर आमच्याच देशात अन्याय होतोय म्हणून. त्याचंही तेच झालं. मोठ्या देशांपैकी कोणालाच खिडकी उघडी नको होती, अमेरिकेला काळ्या लोकांमुळे, रशियाला त्यांच्या सक्तमजुरीच्या छावण्यांमुळे, ब्रिटनला वसाहतींमुळे. इथे भाऊंचा राग मला शंभर टक्के मान्य आहे. फक्त तो राग हक्कांवर काढायचा नाही, ज्यांनी खिडकी बंद ठेवली त्यांच्यावर काढायचा.

जाहीरनामा मात्र झाला. सर्वसाधारण सभेच्या तिसऱ्या समितीत शब्दाशब्दावर भांडत 81 बैठका झाल्या आणि 10 डिसेंबर 1948 च्या रात्री पॅरिसला मतदान झालं, बाजूने 48, विरोधात एकही नाही, तटस्थ 8, त्यात सोव्हिएत रशिया आणि त्यांच्यासोबतचे देश, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. आदल्या दिवशी लेम्किनचा वंशसंहाराचा करार मंजूर झाला होता. आणि त्याच्या दहा-बारा दिवस आधी, 29 नोव्हेंबरला, दिल्लीत आपल्या घटना समितीने अस्पृश्यता बंद करणारं कलम मंजूर केलं होतं. त्याच्याही आधी मे 1947 मध्ये अमळनेरला मास्तरकी केलेले आपले साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं करा म्हणून उपोषणाला बसले होते, दहा दिवस. यातलं काय पाश्चात्य आहे? पॅरिसला जे लिहिलं जात होतं तेच इकडे आपली माणसं अंगावर घेऊन मागत होती, कोणी कोणाची कॉपी केली नाही.

पुढचं भरभर सांगते. जाहीरनामा कोर्टात लागू होत नव्हता म्हणून 1966 साली दोन करार झाले, 1976 ला लागू झाले, भारत 1979 साली त्यात गेला. नागरी आणि राजकीय हक्कांच्या कराराला जोडून एक वेगळा पुरवणी करार आहे, त्यात एकट्या माणसाला जिनिव्हाच्या समितीकडे अर्ज करता येतो, म्हणजे हंसाबेन 1947 मध्ये मागत होत्या ते. त्यात भारत आजपर्यंत गेलेला नाही. सुरतेच्या बाईंनी जी खिडकी मागितली ती जगाने उघडली आणि आपल्याच देशाने आपल्या माणसाला तिथे उभं राहू दिलं नाही. यावर कोणी पत्र लिहिलं तर मी पहिली सही करेन.

आणि घरचा मामला मोडायला बाहेरचा डोळा कधी कधी लागतो हे आमच्या जिल्ह्याने बघितलंय. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात पहिल्यांदा चढलं ते अक्कलकुव्यातल्या मणिबेलीत. त्या धरणाला जागतिक बँकेचं कर्ज होतं. लोकांनी इतकं लावून धरलं की बँकेने इतिहासात पहिल्यांदा बाहेरची समिती नेमली, ब्रॅडफोर्ड मोर्स यांची, आणि जून 1992 मध्ये त्या समितीने लिहून दिलं की पुनर्वसन नीट झालेलं नाही. त्या रिपोर्टात आदिवासींच्या हक्कांचा जो आधार घेतला त्यात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1957 चा 107 नंबरचा करार होता, ज्यावर भारताने 1958 सालीच शिक्कामोर्तब केलं होतं. 1993 मध्ये बँकेचं उरलेलं कर्ज बंद झालं, आणि त्याच वर्षी बँकेने तपासणी मंडळ काढलं, जिथे बँकेच्या प्रकल्पाने नुकसान झालेले दोन किंवा जास्त लोक मिळून थेट अर्ज करू शकतात. नर्मदेच्या काठावरच्या लोकांच्या भांडणातून जगातल्या सगळ्या लोकांसाठी एक खिडकी उघडली. मणिबेलीचं पाणी थांबलं नाही, ते दुःख आहेच. पण आज दुसऱ्या देशातला कोणी शेतकरी तिथे अर्ज करतो तेव्हा त्यात आमच्या सातपुड्यातल्या बायाबापड्यांचा वाटा आहे, आणि हे आमच्या पोरांना कोणी शिकवत नाही.

तर माझी मागणी भाऊंच्या उलटी आहे. 10 डिसेंबरचं भाषण बंद करू नका. तुमच्या पेपरात त्या दिवशी जाहीरनाम्याची तीसही कलमं मराठीत छापा, एक पान पुरेल. सहावं कलम मोठ्या अक्षरात टाका, प्रत्येकाला कायद्यासमोर माणूस म्हणून ओळख मिळण्याचा हक्क, आणि सतरावं, मालमत्ता एकट्याच्या नावावर किंवा दुसऱ्यासोबत असण्याचा हक्क. जमलं तर अहिराणीत, भिलीत, पावरीत पण करून घ्या, तुमच्याकडे लिहिणारे आहेत. आणि त्याच्या खाली चौकटीत एवढंच छापा की 1993 च्या कायद्याने राष्ट्रीय आणि राज्य मानवी हक्क आयोग आहेत, तिथे साध्या कागदावर मराठीत तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, फक्त घटनेला वर्ष व्हायच्या आत करायची. आयोग शिफारस करतो, सक्ती करू शकत नाही, तेही छापा, लोकांना खरं कळू द्या. पण सरकारी माणसाने कोणाला घरचा मामला म्हणून हाकललं तर तो कागद कुठे पाठवायचा ते तरी माहिती पाहिजे.

त्या बाईचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान भाच्यावर सोपवून तिच्यासोबत गेले. साहेबांनी परत तेच सांगितलं, मी म्हटलं ठीक आहे साहेब, नामंजूर करायचं तर करा पण आधी आवक करा. आवक झाली. शिक्का बसला, नंबर पडला. बाहेर व्हरांड्यात आल्यावर तिने ती पोच उघडली आणि परत विचारलं, मनं नाव कोठे शे. मी दाखवलं, सगळ्यात वर, अर्जदार म्हणून. ते नाव तिने बोटाने दोनदा चाचपलं आणि मग कागदाची घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

त्याला साडेचार महिने झाले. उत्तर आलेलं नाही. सोमवारी स्मरणपत्र देतोय, टाइप करून ठेवलंय, ती पहाटेच्या गाडीने येणार आहे.

आपली,
एक टायपिस्ट, नंदुरबार
(नाव छापू नये ही विनंती, त्या बाईचंही गाव विचारू नये)